खिळ्यावरची दोन झाकणं

टणटणकाकांचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाला काढलेली पत्र्याची खोली. आत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर दोन खिळे होते आणि त्या खिळ्यांवर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दोन झाकणं टांगलेली होती. दिसायला अगदी जुळी. सारखीच जाड, सारखीच काळी, सारखीच तुकतुकीत. त्यातलं एक धडधाकट होतं. दुसऱ्याला काठापासून आत बोटभर चीर होती, पण ती तेलाच्या थरांखाली अशी दडली होती की भिंग लावूनही सापडली नसती. नवीन गिऱ्हाईक आलं की काका त्याला या झाकणांपुढे उभं करायचे, हातात लाकडी हातोडी द्यायचे आणि म्हणायचे, वाजवा.

चांगलं झाकण टण्ण करून वाजायचं आणि तो आवाज खोलीत बराच वेळ रेंगाळायचा. चिरलेलं झाकण नुसतं थड व्हायचं, उशीवर थाप मारल्यासारखं. गिऱ्हाईक चकित व्हायचं आणि काका खूश व्हायचे. मग ठरलेलं व्याख्यान सुरू. बिडाची चीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, ती फक्त आवाजात असते. आणि चिरलेलं भांडं आज ना उद्या विस्तवावर दगा देतं. या वाजवण्यापायीच त्यांना सगळे टणटणकाका म्हणायचे. लहान मुलं तोंडावर म्हणायची. मोठी माणसं आधी पाठीमागे म्हणायची, मग सवयीने तीही तोंडावरच म्हणायला लागली.

चाळीस वर्षं ते हेच काम करत होते. लोक माळ्यावरून, कोठीतून, भंगाराच्या ढिगातून गंजलेले तवे आणि कढया उचलून आणायचे आणि काका त्यांना पुन्हा माणसांत आणायचे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन दिवस बुडवून जुनी काजळी सुटी करायची. तारेच्या ब्रशाने गंज खरवडायचा. व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास, त्याहून जास्त नाही, कारण गंज संपला की ते पाणी लोखंडच खायला लागतं. मग धुवायचं आणि लगेच विस्तवावर कोरडं करायचं, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा गंज चढतो. त्यानंतरच्या कामाला शिकलेली गिऱ्हाइकं सीझनिंग म्हणायची, काका तेल पाजणं म्हणायचे. जवसाच्या तेलाचं बोट सगळीकडे फिरवायचं आणि फडक्याने असं पुसून काढायचं की तेल चुकून लागलं होतं असं वाटावं. मग भांडं भट्टीत उपडं, तासभर. निवलं की पुन्हा तेल, पुन्हा भट्टी. असं सहा वेळा. घाईवर आलेल्या गिऱ्हाइकाला काका सांगायचे की तुम्ही बाजारातून नवा नॉनस्टिक घ्या, दोन वर्षांत फेका आणि सुखी व्हा.

सगळं झालं की भांडं उचलायचं, एकदा वाजवायचं, कान द्यायचा आणि मान हलवायची. ती मान हलली म्हणजे विषय संपला. तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नसे.

चीर शोधायची दुसरीही एक रीत होती. काकांच्या उस्तादांनी ती शिकवली होती. भांड्याला रॉकेल फासायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल थोड्या वेळाने वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळी रेघ उमटते. पण उस्तादांनीच हेही सांगितलं होतं की ही रीत ज्यांना कान नाही त्यांच्यासाठी आहे. काकांनी तेवढं वाक्य पक्कं धरलं आणि रॉकेलच्या बाटलीला चाळीस वर्षांत हात लावला नाही. काकांचा कान हा त्या घरातला सगळ्यात मानाचा सदस्य होता, त्याचा असा अपमान ते कसे करणार?

गेल्या दोनेक वर्षांपासून काकांची एक तक्रार सुरू झाली होती. हल्ली बीडच बिघडलंय, असं ते म्हणायचे. पूर्वीचं भांडं कसं खणखणीत वाजायचं, आता सगळंच बसकं. ओतकामात भेसळ करतात, दुसरं काय. कुणीतरी म्हटलं की अहो काका, तुमच्याकडे येणारी भांडी जुनीच असतात, ती पन्नास वर्षांपूर्वीच ओतलेली आहेत, त्यात आज भेसळ कोण करणार? काकांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने आपला तवा घेऊन काढता पाय घेतला. पण बसका आवाज येतोय म्हणून येणारं प्रत्येक भांडं परत पाठवलं असतं, तर एकही उरलं नसतं. म्हणून काका हळूहळू थोड्या बसक्या आवाजालाही मान हलवायला लागले. मग जरा जास्त बसक्याला. शिवाय बोटांना भांड्याचा कंप जाणवतो, तेवढा पुरे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

घरात मात्र वेगळीच गंमत चालली होती. समोरून बोललेलं काकांना ओठांवरून कळायचं, आणि ते आपल्याला ऐकू आलं असंच त्यांना वाटायचं. पण दाराची बेल वाजवून वाजवून लोक परत जायचे आणि काका म्हणायचे, आज कुणी फिरकलं नाही. सहा वर्षांच्या नातीने कानात गुपित सांगितलं की ते "शाबास" म्हणायचे, मग ते गुपित दूध सांडल्याचं का असेना. तिला या खेळाची इतकी गोडी लागली की आपले सगळे गुन्हे ती आजोबांच्या कानातच कबूल करायची.

सून हे सगळं बघत होती. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घर चालायचं ते सुनेच्या आणि काकांच्या जिवावर, आणि दोघांचं चांगलं जमायचं. ती कमी बोलायची, पण बोलायची ते नेमकं. एका रविवारी तिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "बाबा, एकदा कान तपासून घेऊ या. मी येते बरोबर."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या कानावर चाळीस वर्षं घर चाललंय, तुझ्या नवऱ्याचं शिक्षण या कानावर झालंय, असं बरंच काही ते बोलले. चहा तसाच ठेवून मागे कारखान्यात निघून गेले. सुनेने पुन्हा विषय काढला नाही. आणि तिने विषय काढला नाही म्हणजे तिला पटलं, असा काकांनी सोयीस्कर अर्थ लावला.

पुढे उन्हाळ्यात सुनेला बस डेपोचं कँटीन चालवायला मिळालं. तिला तळणासाठी मोठी कढई हवी होती. काकांच्या अंगणात तशी एक पडून होती. एका बंद पडलेल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली, दोन माणसांनी उचलावी अशी, आत पाच-पाच बोटं काजळी आणि बाहेर गंजाचे पापुद्रे. तीन वर्षं ती नळाखाली पाणी झेलत बसली होती. काका म्हणाले, नवी कशाला, हीच तुला अशी करून देतो की डेपोवाले बघत राहतील.

कँटीन सुरू व्हायला पाच दिवस होते आणि कढई सोड्याच्या टाकीत मावत नव्हती. तेव्हा काकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला कारखान्याची पायरी चढू दिली नसती. त्यांनी अंगणात लाकडं रचली आणि कढई सरळ जाळात घातली. काजळी जळून जाते खरी, पण उघड्या जाळात भांडं एका अंगाला जास्त तापतं आणि तिथे उलतं, तडकतं. त्या दिवशी वाराही एकाच बाजूने होता. काकांना हे सगळं ठाऊक होतं. पण पाचच दिवस होते, आणि सुनेला शब्द दिलेला होता.

तेल पाजून कढई अशी देखणी झाली की तिच्यात तोंड दिसावं. काकांनी ती वाजवली, कान दिला, मान हलवली. सून समोरच उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, परत एकदा वाजवा ना," ती म्हणाली.

"तू मला शिकवणार आता?" काका म्हणाले. हसतच म्हणाले, पण त्या हसण्यात रविवारचा चहा होता. सुनेने मान खाली घातली आणि टेंपोवाल्याला हाक मारली.

त्याला सात महिने झाले. सात महिने रोज सकाळी ती त्या कढईत पंधरा लिटर तेल कडकडीत तापवत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहत होती.

मग एके दिवशी दुपारी एक निवृत्त शिक्षिका कारखान्यात आल्या. त्यांच्या हातात कागदाचं पुडकं होतं. त्यांनी ते कामाच्या फळीवर सोडलं. आत एका तव्याचे दोन तुकडे होते. काकांनीच तीन महिन्यांपूर्वी तो तयार करून दिला होता. बाईंनी सांगितलं की सकाळी अंडं घातलं, आणि अंडं शिजायच्या आत तव्याची दोन शकलं झाली. अंडं गेलं शेगडीत.

काकांनी लगेच पवित्रा घेतला. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं असेल. बाई म्हणाल्या, नाही ओतलं. मग आपटला असेल. नाही आपटला. काकांनी तुकडे उचलून कडा पाहिल्या. अर्धी कड चकचकीत करडी होती, आजची. उरलेली अर्धी काळीकुट्ट, तेल मुरलेली, जुनी. म्हणजे तवा त्यांच्या हातात आला तेव्हाच चिरलेला होता, आणि त्या चिरेवर त्यांनी स्वतः सहा वेळा तेल पाजलं होतं. काकांनी तुकडे पुन्हा कागदावर ठेवले.

बाई भांडायला आल्या नव्हत्या. त्या चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं, आवाज जरा बसका आहे. पण तुम्ही मान हलवलीत."

त्या गेल्यावर काकांनी कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. भर दुपार होती, पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी हातोडी घेतली आणि भिंतीवरच्या झाकणांपुढे उभे राहिले. गिऱ्हाइकांना दाखवायला हजार वेळा ते इथे उभे राहिले होते, पण वाजवायची नेहमी गिऱ्हाइकं. काका फक्त त्यांचे चेहरे बघायचे. आपण स्वतः ही झाकणं शेवटची कधी ऐकली, ते त्यांना आठवेना.

त्यांनी चिरलेलं झाकण वाजवलं. थड.

त्यांनी चांगलं झाकण वाजवलं. थड.

जोराने वाजवलं. तरी थड. झाकण खिळ्यावर थरथरताना डोळ्यांना दिसत होतं, त्याचा आवाज खोलीभर फिरत असणार हे कळत होतं, आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. त्यांनी झाकणांची अदलाबदल केली. मग डोळे मिटून एक वाजवलं, आणि हे कुठलं, असं स्वतःला विचारलं. सांगता येईना.

बीड बिघडलंच नव्हतं. काका हातातली हातोडी घेऊन स्टुलावर बसले. आपण दोन वर्षं मान हलवत होतो ती कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या मागोमाग कढईचा विचार आला. जाळ, एका बाजूचा वारा, सुनेच्या कपाळाची आठी. आवाज बाईंना बसका वाटला होता. सुनेलाही वाटला असणार. तिने विचारलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय करायचं, तर तडक उठून सुनेला सांगायचं. काका शहाणे होते. पण चाळीस वर्षं ज्या कानाच्या जोरावर ताठ मानेने वावरलो तो गेला, हे तोंडाने सांगायचं, आणि तेही जिने आधीच सांगितलं होतं तिलाच, हे काही त्यांना जमेना. त्यांना भीती वाटत होती, पण लाज तिच्याहून मोठी होती. त्यांनी हिशेब केला की कँटीन आता बंद झालं असेल, कढई रिकामी असेल, आजचा दिवस टळला. उद्या काहीतरी निमित्त काढून ती घरी आणू. गुपचूप रॉकेल फासू, खडू लावू. चीर निघाली तर दुसरी कढई देऊ. कुणाला कळायचं कारण नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी वाक्य तीनदा मनात घोळवलं आणि चौथ्यांदा भलतंच बाहेर पडलं. ते म्हणाले की ती कढई उद्या घरी आणतो, तिला पुन्हा तेल पाजायची वेळ झाली आहे. सून ताट पुसता पुसता म्हणाली की उद्या नको बाबा, उद्या डेपोत दोनशे ड्रायव्हर येणार आहेत प्रशिक्षणाला, सकाळपासून तळण आहे. परवा न्या. काका म्हणाले, बरं, परवा. नातीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते शाबास म्हणाले.

सकाळी सहाला सून गेली. काकांनी एक तवा हातात घेतला, ठेवला. ब्रश घेतला, ठेवला. शेजारणीला नातीकडे बघायला सांगून नऊच्या सुमाराला ते घराबाहेर पडले आणि चालत नाही, जवळजवळ पळतच डेपोकडे निघाले. वाटेत दोन माणसांनी हाका मारल्या असाव्यात, कारण त्यांचे हात वर झालेले दिसले.

कँटीनच्या स्वयंपाकघरात वाफ भरली होती. दोन बायका ओट्यावर बटाट्याचे काप करत होत्या. सून शेगडीपाशी होती, झारा हातात, आणि कढईतल्या तेलावर नुकतीच पातळ लाट उठायला लागली होती. तिने विचारलं, बाबा, तुम्ही कसे? काका म्हणाले, सहज. तिने पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले. बसून कढईकडे बघत राहिले.

बाहेरच्या अंगाला, काठाखाली वीतभर, धुराची एक बारीक रेघ निघत होती. तिथे तेल असायचं काही कारण नव्हतं. उतू गेलं असेल, काकांनी स्वतःला सांगितलं.

सून थबकली. तिने ओट्यावरच्या बायकांकडे पाहिलं, त्यांनीही मान वर केली होती. मग तिने काकांकडे पाहिलं.

"बाबा, टिक् असं काहीतरी वाजलं. ऐकलंत तुम्ही?"

काकांनी काही ऐकलं नव्हतं. तेलाची सळसळ, शेगडीची घरघर, काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. बिडातलं कळणारा माणूस समोर बसला आहे, तो सांगेल, असं तिघींच्या चेहऱ्यावर होतं. सांगायची वेळ हीच होती, आणि काकांच्या तोंडातून चाळीस वर्षांची सवय बोलून गेली. "भांडं तापताना वाजतं तसं. काही नाही," ते म्हणाले.

सुनेने विश्वास ठेवला. तिने कापांची चाळण उचलली आणि कढईवर वाकली.

मग ती पुन्हा थबकली, अर्धवट वाकलेली, आणि तिघींनी एकदमच कढईकडे पाहिलं. काकांनी त्यांचे चेहरे पाहिले. दुसऱ्यांदा वाजलं होतं. काकांच्या जगात काहीच झालं नव्हतं, सगळं शांत होतं, आणि ती शांतता त्यांना सहन झाली नाही.

"मला ऐकू येत नाही," ते उठत म्हणाले. "मला काहीच ऐकू येत नाही गं. तू मागे हो."

ती चाळण टाकून मागे झाली असती तर बरं झालं असतं. पण ती स्वयंपाकघरातली बाई होती. आधी गॅस बंद करायचा हे तिच्या हातात भिनलेलं होतं, आणि बटण कढईच्या खालीच होतं. तिने खाली हात घातला, बटण फिरवलं आणि मागे पाय उचलला, तेवढ्यात कढई काठापासून तळापर्यंत उलली. तेल एकदम सांडलं नाही, ते धारेने बाहेर पडलं आणि जिथे ती क्षणापूर्वी उभी होती तिथे पसरलं. तिचा उजवा पाय मागे गेला होता. डावा जायचा राहिला होता.

गॅस बंद झाला म्हणून भडका उडाला नाही, नाहीतर चौघांपैकी कुणी उरलं नसतं, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या पायाची कातडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेली होती. महिनाभर झोपून राहावं लागणार होतं आणि त्यानंतरही पाय पहिल्यासारखा होईल याची खात्री नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात संध्याकाळपर्यंत पंधरावीस माणसं जमली आणि सगळ्यांना हकिगत तोंडपाठ झाली होती. कँटीनमधल्या बायकांनी अर्धं ऐकलं, अर्धं पाहिलं आणि उरलेलं स्वतः जुळवलं. टणटणकाका नुसते बसले होते, कढई कुरकुर करायला लागली, कुणाला काही कळायच्या आत काकांच्या कानाने ओळखलं, ते ओरडत उठले आणि सुनेला मागे ढकललं. काय कान आहे म्हाताऱ्याचा! लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. काका म्हणत होते, अहो तसं नाही, मला ऐकू येत नाही. माणसं एकमेकांकडे बघून हळहळत होती. बिचाऱ्यांनी धसका घेतलाय, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून गेलं.

रात्रीपाळीची परिचारिका यायच्या आधी थोडा वेळ सुनेपाशी कुणी नव्हतं. काका खाटेजवळ बसले. ती छताकडे बघत होती. मग तोंड त्यांच्याकडे वळवून, ओठ दिसतील असं, एकेक शब्द सुटा करत तिने विचारलं, "पहिल्यांदा टिक् झालं, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग तापताना वाजतं, असं का म्हणालात?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. सून त्यांच्यावर ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांनीच आणखी एक गोष्ट विचारली.

"बाकीची भांडी किती आहेत, बाबा?"

ते काकांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत दीडशे असतील, दोनशे असतील. त्यातली किती बसकी होती, कुणास ठाऊक. भांड्यांचे चेहरे त्यांना आठवत होते, माणसांचे अर्धेच आठवत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते पिशवीत रॉकेलची बाटली, फडकं आणि खडूची पूड घेऊन घरोघरी फिरायला लागले. त्यांना वाटलं होतं की लोक चिडतील, शिव्या देतील, भांडी अंगावर फेकतील. तशी तयारी करूनच ते निघाले होते. पण लोकांनी त्यांना आग्रहाने घरात बसवलं, चहा दिला आणि भांडं काही दिलं नाही. एवढ्या जबर कानाच्या माणसाने वाजवून दिलेलं भांडं, त्याला खडू कसला लावताय? काहींनी तर माळ्यावरचं आणखी एक काढून पुढे केलं, हेही करून द्या म्हणून. रोज दहा दारं झाली की चार भांडी पिशवीत यायची. संध्याकाळी कारखान्यात ते त्यांना रॉकेल फासायचे आणि पांढऱ्या पुडीकडे बघत बसायचे. पहिल्या आठवड्यात सात भांड्यांवर रेघ उमटली. ती सात त्यांनी हातोड्याने फोडली. खिळ्यावरची दोन्ही झाकणं त्यांनी तशीच राहू दिली, पण त्या भिंतीकडे पाठ करून ते बसू लागले.

नवव्या दिवशी ते शिंप्याच्या घरी गेले. शिंप्याच्या बायकोने दार उघडलं आणि सुनेच्या पायाची आपुलकीने चौकशी केली. काकांनी आल्याचं कारण सांगितलं. ती आतून कढई घेऊन आली, लहानशी, खोल, कानांची. काकांना ती लगेच ओळखू आली. गेल्या पावसाळ्यातली. काठावर बोट फिरवत त्यांनी विचारलं की हिच्यात काय करता. ती म्हणाली, तळणच. आत्ताही तेच करणार होते, मुलं शाळेतून यायची वेळ झाली आहे.

तिनेच कढई एका हाताने उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने उलथनं घेऊन वाजवली. काकांना थड ऐकू आलं, जसं सगळंच ऐकू येत होतं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जरा बसका आहे, नाही का?" ती हसून म्हणाली. "मला तेव्हाही वाटलं होतं. पण तुम्ही मान हलवलीत, म्हटलं आपल्याला काय कळतंय त्यातलं."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, "मला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. ती इकडे द्या."

तिला ते थट्टा करतायत असं वाटलं. तुमचं आपलं काहीतरीच काका, असं काहीसं तिचे ओठ म्हणाले. मग उद्या या, आज मुलं भुकेली येतील, असंही ती म्हणाली असावी, कारण ती पाठ वळवून बोलत होती आणि कढई तिच्या हातात होती. आतल्या खोलीत ओट्यावर तेलाचा डबा उघडा दिसत होता. तिने कढई शेगडीवर ठेवली आणि लायटर उचलला.

काकांनी पिशवी उंबऱ्यावर टाकली आणि चपला न काढता, न विचारता, ते त्या परक्या स्वयंपाकघरात शिरले.